पिवळं रेशीम, शेवाळी माशी

मार्च १८८६. उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशर. इल्कली गावाच्या वरच्या अंगाला, व्हार्फ नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका दगडी घरात तुम्ही खिडकीशी बसला आहात. बाहेर वारा बोचतो आहे. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांमागे मेंढ्या अंग चोरून उभ्या आहेत. रात्री वर पठारावर पाऊस झाला, त्यामुळे तिथल्या दलदलीचा रंग उतरून नदी कोऱ्या चहासारखी तांबूस वाहते आहे. तुमच्यासमोरच्या मेजावर काळं रोगण दिलेले बारीक गळ आहेत, पाणकोंबडीचा एक पंख आहे, पाणउंदराच्या कातड्याचा तळहाताएवढा तुकडा आहे, काळ्या मेणाचा गोळा आहे आणि लाकडी रिळांची एक पेटी आहे. शेजारी एक म्हातारे कारागीर बसलेत. ते आयुष्यभर ट्राउट माशासाठी नकली माश्या बांधत आले आहेत.

माशी म्हणजे इथे आमिषाचा कीटक. गळावर पीस, लव आणि रेशीम बांधून तो घडवायचा आणि पाण्यात असा सोडायचा की ट्राउटला तो नदीतून वर येणारा जिवंत किडाच वाटावा. इंग्लंडच्या दक्षिणेत या माश्यांना पंख, शेपटी, मानेभोवती पिसांची दाट झालर असा सगळा थाट असतो. यॉर्कशरच्या दऱ्याखोऱ्यांत तसं नाही. इथे रेशमाचे एकाला एक लागून मोजके वेढे घेतले की माशीचं अंग झालं. त्यावर मऊ पिसाचा एक किंवा फार तर दोन फेरे. अंग गळाच्या टोकाच्या समोर येऊन थांबतं, पुढे जात नाही. इतक्या थोड्या सामग्रीत रंग चुकला तर तो झाकायला दुसरं काही उरतच नाही. म्हणून पेटीतलं नेमकं रीळ उचलणं हा इथला अर्धा धंदा आहे.

आज तुम्हाला ‘वॉटरहेन ब्लोआ’ नावाची माशी बांधायची आहे. मार्चअखेर भरदुपारी नदीवर गडद शेवाळी अंगाचे, राखाडी पंखांचे किडे उडू लागतात. ही माशी त्यांची प्रतिकृती. तुम्ही मनाशी सरळ हिशेब करता की किडा शेवाळी, तर रेशीमही शेवाळी. तुमचा हात शेवाळी रिळाकडे जातो. म्हातारे काही न बोलता तो बाजूला सारतात आणि पेटीतून पिवळं रीळ काढून तुमच्यापुढे ठेवतात. साधं, उघडं, हळदी पिवळं.

त्यांच्याशी वाद घालू नका. गेल्याच वर्षी लीड्सच्या टी. ई. प्रिट यांनी ‘यॉर्कशर ट्राउट फ्लाइज’ हे पुस्तक काढलं. यंदा तेच ‘नॉर्थ कंट्री फ्लाइज’ या नावाने पुन्हा निघालं आहे. त्यातल्या ६२ माश्यांमध्ये ही माशी आहे आणि तिच्यापुढेही पिवळं रेशीम आणि पाणउंदराची लव असंच लिहिलेलं आहे. पुस्तकाने म्हाताऱ्यांना काही शिकवलेलं नाही. पुस्तकच त्यांच्यासारख्यांकडून शिकलं.

आता मेणाचा गोळा हातात घ्या. चामड्याचे जोडे शिवणारे दोऱ्याला लावतात तेच हे राळमिश्रित मेण, जवळजवळ काळं. आधी ते बोटांत चोळून ऊब द्या, नाहीतर धागा तुटेल. मग वीतभर रेशीम त्यातून ओढा. एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्या ओढीला पिवळ्यावर धूळ बसल्यागत होतं, दुसऱ्या ओढीला तो मळतो आणि तिसऱ्या ओढीला तुमच्या बोटांत शेवाळी धागा असतो. मात्र दुकानातल्या शेवाळी रिळासारखा तो सपाट नाही. आतून अजूनही पिवळा डोकावतो आहे, अगदी खऱ्या किड्याच्या पोटातून उजेड डोकावतो तसाच. पाणउंदराची लव चिमटीत जेमतेम सापडेल इतकी थोडी घ्या आणि धाग्यावर फिरवा. ती धागा झाकायला नाही, त्याच्याभोवती नुसता धूसरपणा आणायला आहे. म्हातारे शिकंजा वापरत नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांत गळ धरून उजव्या हाताने बांधतात. तुम्ही तसं करू पाहाल तर पहिला गळ निसटेल, त्याचं मनावर घेऊ नका.

माशी झाली. आता खिडकीतल्या पेल्यातल्या पाण्यात ती बुडवा आणि पेला उजेडासमोर धरा. लव ओली होऊन आवळते, रेशीम गडद होतं, पारदर्शक होतं, खालचा काळा गळ त्यातून हलकासा जाणवू लागतो. पिवळ्या रिळापासून सुरुवात करून तुम्ही त्या दुपारच्या किड्यापाशी पोचला आहात. शेवाळी रिळापासून निघाला असता तर चिखलाच्या रंगापाशी पोचला असता, कारण मेण आणि पाणी दोन्ही गडदपणाच वाढवतात. त्यांच्यासाठी जागा ठेवून सुरुवात उजळ रंगाने करावी लागते.

तुमच्या खिशात आपल्या काळातलं एक रीळ आहे, पॉलिएस्टरचं. तुलना करायचीच असेल तर त्याचेही चार वेढे दुसऱ्या गळावर घेऊन त्याच पाण्यात टाका. ओलं झालं तरी ते जवळपास तसंच राहतं, रंगवलेल्या खडूसारखं अपारदर्शक. कृत्रिम धाग्यांची चकाकी मारण्यासाठी त्यांत अनेकदा टायटॅनियम डायॉक्साइडची पूड मिसळलेली असते, आणि ती उजेड आत जाऊच देत नाही. रेशमाचा तंतू काचेसारखा स्वच्छ असतो, त्याचा काप गोल नसून त्रिकोणी असतो. कोरड्या धाग्यात अशा असंख्य तंतूंच्या मधल्या हवेमुळे उजेड विखुरतो आणि रंग फिका, चमकदार दिसतो. पाणी ती हवा हुसकून लावतं, विखुरणं थांबतं आणि उजेड धाग्याच्या आत शिरतो. तितर पिसाच्या ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ माशीचं नारिंगी रेशीम कोरडं असताना डोळ्यात खुपतं आणि ओलं होताच विटकरी होतं, त्याचं कारण हेच. जुन्या माश्या आजच्या धाग्याने बांधणाऱ्यांनी बाकी काय हवं ते बदलावं, पण रेशीम सोडू नये असं मला कळकळीने वाटतं. रेशीम गेलं की त्या माशीत उरतो तो नुसता आकार.

आता तो पिवळा रंग मुळात आला कुठून? त्याच्या मागावर निघू या.

दोनशे वर्षं मागे चला. १६७६. डर्बीशरच्या सीमेवर डव्ह नदीच्या काठी चौकोनी दगडी बांधणीचं एक छोटं मासेमारीघर आहे. ते बांधून दोनच वर्षं झालीत. दारावर चार्ल्स कॉटन आणि आयझॅक वॉल्टन या दोन मित्रांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरलेली आहेत. वॉल्टन म्हातारे झालेत, त्यांच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ची पाचवी आवृत्ती निघते आहे आणि तिला जोडायला कॉटन यांनी दुसरा भाग लिहिला आहे, खास माशीवरचा. कॉटन तुम्हाला दाराबाहेर उन्हात नेतात. माशीच्या अंगासाठी निवडलेली लव चिमटीत घेऊन ते ती डोळा आणि सूर्य यांच्यामध्ये धरायला सांगतात. मेजावर तपकिरी दिसणारी लव उन्हाविरुद्ध धरताच तिच्या कडा तांबड्या पेटतात. मासा खालून वर पाहतो. त्याच्या डोळ्यामागे अंधारी नदी असते आणि डोळ्यापुढे आभाळ. म्हणजे रंग पारखायचा तर माशाच्या जागी जाऊन पारखायला हवा. हे सांगणारा माणूस तुम्हाला इथे, आधुनिक रसायनशास्त्र जन्मायच्या आधी भेटतो. त्याच्याही मागे, १४९६ साली विंकिन दे वर्ड यांनी छापलेल्या मासेमारीच्या ग्रंथात बारा माश्या दिल्या आहेत, पण त्यांची अंगं बहुतेक लोकरीची. रेशीम तिथे फारसं नाही, एखाद्या माशीवर काळ्या रेशमाचे वेढे असतील तेवढंच.

रेशमाची खरी चैन बघायची तर १८०७ मध्ये पुन्हा व्हार्फच्या खोऱ्यात या. इल्कलीजवळच्या ऑस्टबी इथल्या जॉन स्वॉरब्रिक यांनी या साली आपल्या खोऱ्यातल्या माश्यांची एक यादी हाताने लिहून ठेवली. ती छापली गेली शंभर वर्षांनी. तुम्ही त्या काळच्या दुकानात रेशीम घ्यायला गेलात तर पेटीतला प्रत्येक रंग कुठल्या तरी झाडातून, मुळातून, दगडफुलातून किंवा किड्यातून आलेला असेल. पिवळा येतो वेल्ड नावाच्या रानटी झुडपातून. तुरटीचं पाणी पाजलेल्या रेशमावर तो लख्ख आणि थंड बसतो, किंचित हिरव्याकडे झुकलेला. काळ्या मेणाखाली शेवाळी व्हायला हा पिवळा जितका तत्पर, तितका नंतरचा एकही नाही. याच काळात अमेरिकेतल्या ओकच्या सालीतला क्वेर्सिट्रॉन हा दुसरा पिवळाही मिळतो, त्यात ऊब जास्त. तांबडा मंजिष्ठेच्या मुळांतून, नाहीतर मेक्सिकोकडच्या कोचिनील किड्यांतून. निळा अर्थातच निळीतून, आणि ती नीळ यावेळी मोठ्या प्रमाणात बंगालहून येते आहे.

जांभळ्याचं मात्र जपून. १८०७ च्या दुकानात जांभळं रीळ मागितलंत तर दोन तऱ्हा पुढे येतील. एक लॉगवुड या लाकडाचा, निळसर, थोडा मरगळलेला. दुसरा दगडफुलातून काढलेला कडबेअर, लालसर आणि पहिल्या दिवशी डोळ्यांत भरणारा. या कडबेअरचं पेटंट १७५८ साली स्कॉटलंडच्या कथबर्ट गॉर्डन यांनी घेतलं होतं. दोन्ही रंग उन्हाला भित्रे. दोन हंगामांत टोपीवर खोचलेल्या माशीचं अंग उडून करडं होतं. त्यामुळे आज एखाद्या संग्रहातली जुनी माशी पाहून तिच्या रेशमाचा रंग ठरवणं धोक्याचं आहे. तुम्ही पाहता तो बांधणाऱ्याने निवडलेला रंग नसतो, उन्हाने मागे ठेवलेला असतो.

त्या जांभळ्याचं नशीब एका मुलाने पालटलं. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधल्या घरी विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनवर प्रयोग करतो आहे. त्याला हवं आहे क्विनाइन. भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरतो आणि तो मद्यार्काने धुताना जांभळा रंग सुटतो. त्याच्याशेजारी उभं राहून पाहा, तो पहिल्यांदा कशावर रंग चढवून बघतो ते. रेशमावर. कापसाने या रंगाला पुढे बराच त्रास दिला, रेशमाने मात्र तो विनातक्रार पिऊन घेतला. पुढच्या वर्षी ग्रीनफर्ड ग्रीनला कारखाना उभा राहिला आणि बेथनल ग्रीनच्या टॉमस कीथ या रेशीम रंगाऱ्याने तो रंग वापरायला घेतला. पाठोपाठ किरमिजी, निळे, हिरवे असे डांबरातले रंग एकेक करत बाजारात आले.

हे सगळं मनात ठेवून १८८६ च्या पेटीतलं जांभळं रीळ पुन्हा हातात घ्या. त्याच्यापासून ‘स्नाइप अँड पर्पल’ बांधतात. नुसतं जांभळं रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखाच्या काठावरचं इवलंसं गडद पीस. थंड, वादळी दिवसांत नदीवर ‘आयर्न ब्लू’ नावाचा चिमुकला पोलादी किडा निघतो, त्याच्यासाठी ही. रीळ डोळ्यांपुढे धरा. त्याचा झणझणीत वांगी रंग बहुधा डांबरातूनच आला आहे. पण मग १८८६ चा अस्सल रंग हाच. जुनं म्हणजे झाडपाल्याचं, नैसर्गिक, मंद असं आपण गृहीत धरतो आणि प्रिटच्या काळची माशी बांधताना लॉगवुडचा उदास जांभळा शोधत बसतो. ते स्वॉरब्रिकच्या काळाला शोभेल. माशी ज्या वर्षाची, रेशीमही त्या वर्षाचं असावं, आणि १८८६ हे वर्ष रंगांच्या बाबतीत चांगलंच भडक होतं.

सगळ्यांना हा भडकपणा रुचला नव्हता. दहा वर्षं मागे, स्टॅफर्डशरमधल्या लीक या गावी एक फेरी मारा. हे शिवणाच्या आणि भरतकामाच्या रेशमाचं गाव. लांबच लांब माड्यांमध्ये इथे धाग्याला पीळ देतात. एका टोकाला चाक फिरवणारा माणूस आणि तिथून दुसऱ्या टोकाला धाग्याचे पदर घेऊन अनवाणी पळणारी मुलं. दिवसभरात ती पोरं मैलोन्मैल धावतात. आता वाफेची यंत्रं आली आहेत, तरी हे पळणं सगळं संपलेलं नाही. बारीक, घट्ट आणि एकसारखा पीळ हवा असं माशी बांधणारे म्हणतात, त्या पिळाच्या मागे कुणाचे पाय आहेत ते इथे दिसतं.

चर्नेट नदीकाठच्या रंगशाळेत शिरा. साबणाच्या उकळत्या पाण्यात कच्च्या रेशमाचा डिंक निघतो आहे. त्याशिवाय रंग धरत नाही आणि झळाळीही येत नाही. आत रंगशाळेचे मालक टॉमस वॉर्डल आणि त्यांचे पाहुणे, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस, हौदांवर वाकलेले आहेत. मॉरिस यांचे हात कोपरापर्यंत निळीने माखलेत. १८७५ ते १८७७ या काळात ते वारंवार इथे येतात, कारण डांबराच्या रंगांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. मंजिष्ठ, वेल्ड, अक्रोडाची साल आणि नीळ या जुन्या रंगांची हरवत चाललेली हातोटी त्यांना परत मिळवायची आहे. निळीच्या हौदातून लडी वर येते तेव्हा ती हिरवट-पिवळी असते. हवा लागताच तुमच्या डोळ्यांदेखत ती निळी होत जाते. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला रिळावरचा रंग कधीच स्थिर, ठरून गेलेली गोष्ट वाटणार नाही.

याच वॉर्डल यांच्या कपाटात तुम्हाला घरचा माल दिसेल. टसर. त्याला रंग चढवणं फार अवघड, पण वॉर्डल यांनी ते साधलं आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेलं टसर मांडलं. १८८५–८६ मध्ये ते बंगालच्या रेशीम उद्योगाची पाहणी करायला हिंदुस्थानात येऊन गेले. तुम्ही इल्कलीच्या खिडकीत बसलेले असता त्याच १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरतं आणि त्यातला हिंदी रेशमाचा विभाग वॉर्डलच उभा करतात. टसराचा तंतू जाड आणि चपटा, त्यामुळे बारीक माशी बांधायला तो कामाचा नाही. तरी इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे किडे परंपरेने पाळणारा समाज आहे धीवरांचा, आणि धीवर म्हणजे मूळचे मासेमार. एकाच घरात जाळं आणि कोसा, म्हणजे टसराचा कोष. इंग्लंडमधल्या माशी बांधणाऱ्याने रेशीम दुकानातून आणलं, किड्याशी त्याची भेट कधी झाली नाही.

किड्याचा आणखी एक अंश मात्र त्याच्या हातात होता. माशीला दोरीशी जोडणारा शेवटचा पारदर्शक तुकडा, ज्याला ते ‘गट’ म्हणत, तोही रेशमाच्याच किड्याचा. कोष विणायच्या बेताला आलेली अळी व्हिनेगरमध्ये भिजवून तिच्या रेशमाच्या ग्रंथी बाहेर काढायच्या आणि ताणून त्यांची तार करायची. स्पेनमधल्या मुर्सियात हा धंदा जोरात होता. ही तार वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करावी लागे, नाहीतर गाठ मारताना तुटे.

पुन्हा पुढे चला. १९१६, ब्रॅडफर्ड. लोकरीच्या गिरण्यांचं हे शहर महायुद्धाच्या कापडात बुडालेलं आहे आणि रंगांना मोताद झालं आहे. ब्रिटनमधले बहुतांश रंग जर्मनीहून येत. लढाई सुरू झाली आणि ते बंद झाले. शेजारच्या हडर्सफील्डला आदल्याच वर्षी घाईघाईने ब्रिटिश डाइज ही कंपनी उभी करण्यात आली. अशा वर्षी हारफील्ड एडमंड्स आणि नॉर्मन ली हे दोघे मित्र ‘ब्रूक अँड रिव्हर ट्राउटिंग’ हे पुस्तक काढतात. माशीच्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं काम याच पुस्तकात झालं आहे. त्यांनी नुसतं ‘पिवळं’, ‘नारिंगी’ असं लिहून सोडून दिलं नाही. १७९५ पासून चालत आलेल्या पिअरसॉल या रेशीमवाल्यांच्या ‘गॉसमर’ नावाच्या अतिबारीक धाग्याचे क्रमांक दिले. पिसं आणि रेशीम यांची रंगीत चित्रं छापली आणि मोजक्या खास प्रतींमध्ये तर खरी सामग्रीच चिकटवून दिली. तोवर एका खोऱ्यातलं नारिंगी दुसऱ्या खोऱ्यात गाजरी झालेलं असे. आता शेकडो मैलांवरचा माणूसही पत्राने तेच रीळ मागवू शकत होता. पिअरसॉलचं ६ अ म्हणजे नारिंगी आणि ८ म्हणजे जांभळं, हे माशी बांधणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना घरच्या पत्त्यासारखं पाठ होतं.

त्यांची ‘डार्क वॉचेट’ एकदा स्वतः बांधून बघा. नारिंगी आणि जांभळा असे दोन धागे घ्या. एकत्र धरले तर डोळ्यांना टोचतील असे. त्यांना एकमेकांभोवती पीळ द्या, बिळात राहणाऱ्या मोल या प्राण्याची निळसर राखाडी लव अगदी विरळ फिरवा आणि गळावर वेढे घ्या. अंगावर नारिंगी आणि जांभळ्याचे आळीपाळीने पट्टे उमटतात आणि लवेच्या धुक्यातून ते जेमतेम दिसतात. ही माशीही त्या पोलादी निळ्या किड्यासाठीच आहे. त्या किड्यात नारिंगी कुठून आलं असं विचारू नका, ओली करून उजेडासमोर धरा. दोन विरोधी रंग एकमेकांना मारून जो काळपट, आतून तांबूस उजळणारा तिसरा रंग देतात, तो कोणत्याच रिळावर विकत मिळत नाही.

आपल्या काळात परत या. पाणउंदीर ब्रिटनमध्ये आता कायद्याने संरक्षित आहे, त्याची लव विसरा, मोलची चालते. गॉसमर बनणं बंद झालं आहे. जुनी लाकडी रिळं कुणाच्या तरी आजोबांच्या खणातून निघतात आणि बरी किंमत मोजून विकली जातात. असं एखादं तुमच्या हाती आलं तर वरच्या वेढ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांनी वर्षानुवर्षं खिडकीचा उजेड खाल्लेला असतो. थोडा धागा उलगडा, आतला रंग बघा. वरचा आणि आतला यांतला फरकच सांगेल की हे रीळ किती उन्हात राहिलं. मग वीतभर धागा दोन्ही हातांत धरून हलका झटका द्या. उजेडाने रेशीम कमकुवत होतं, आणि तुमच्या हातात तुटणारा धागा माशाच्या तोंडात टिकणार नाही. क्रमांक तोच असला तरी दोन वेगळ्या वर्षांच्या रिळांचे रंग जुळतीलच असं नाही, कारण रंगाऱ्याचा प्रत्येक हौद थोडा निराळा असतो.

नव्या रेशमातून जुना रंग जुळवायचा असेल तर तो एलईडीच्या दिव्याखाली जुळवू नका. एका उजेडात जुळे वाटणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात अनोळखी होतात, कारण त्यांची घडण वेगळ्या रसायनांची असते. दुपारी उत्तरेकडच्या खिडकीत बसा. कोणत्या वर्षाची माशी बांधता आहात ते आधी ठरवा. १८०७ ची असेल तर वेल्डसारखा थंड पिवळा आणि बुजरा जांभळा घ्या, १८८६ ची असेल तर बेधडक भडक. चमकत्या गळाऐवजी काळा किंवा गडद गळ घ्या, कारण तो रेशमाखालून दिसतो. मेण काळं की पारदर्शक हे ठरवल्याशिवाय रीळ निवडूच नका. पारदर्शक मेणाखाली पिवळा पिवळाच राहतो, आणि मग ती वॉटरहेन ब्लोआ राहत नाही.

आणि ज्यांच्याकडे जुनी रिळं आहेत त्यांना एक विनंती. ती संपण्याआधी प्रत्येक क्रमांकाचा एक नमुना करून ठेवा. एका जाड कागदावर धागा कोरडा, शेजारी काळं मेण लावलेला, शेजारी पारदर्शक मेण लावलेला, आणि काळ्या गळावर वेढे घेऊन ओला केलेल्याचं खिडकीच्या उजेडातलं छायाचित्र. खाली क्रमांक, रीळ अंदाजे कोणत्या काळचं आहे आणि वरचा धागा घेतला की आतला, ते लिहा. कागद अंधारात, बंद पाकिटात ठेवा. एडमंड्स आणि ली यांनी छापखान्याच्या बळावर केलं ते काम आता एकेका घरातल्या टेबलावर होऊ शकतं, आणि नवीन रेशीम रंगवायला बसलेल्या माणसाला वाळलेल्या रिळापेक्षा त्या ओल्या चित्राचीच गरज पडणार आहे.